कापसाखालचा मोडेम

बीटीच्या कपाशीवरही बोंडअळी पडली, त्या वर्षीची गोष्ट. पिंपळगाव राजाला आमच्या घरी कापूस निम्माच आला आणि भाव पडल्यामुळे तोही विकायचा राहिला. सासऱ्यांनी तो समोरच्या खोलीत रचला. गंजी वाढत वाढत खिडकीजवळच्या कोनाड्याला टेकली.

त्या कोनाड्यात माझा वायरलेस मोडेम होता. मी घरून टायपिंगची कामं करायचे आणि रेंज तिथेच बरी यायची. सासूबाई सुरतेच्या माझ्या नणंदेशी त्याच्यावरच व्हिडिओवर बोलायच्या. मोडेमवर त्यांनी विणलेला रुमाल घातला होता.

"आई, ते तापतं. त्याला हवा लागते," मी म्हटलं.

"धूळ बसते वं त्याच्यावर," त्या म्हणाल्या. मी नवी सून. रुमाल तसाच राहिला.

एका दुपारी पुरुषमाणसं शेतात होती. मी मधल्या खोलीत काम करत होते आणि नेट एकदम गेलं. तेवढ्यात अंगणात भांडी घासणाऱ्या सासूबाई जळका वास आला म्हणून ओल्या हातांनी आत आल्या.

"काई जयून राह्यलं काय वं?"

आम्ही दोघी समोरच्या खोलीत धावलो. गंजी घसरून मोडेम आणि त्याचा चार्जर कापसाखाली गेले होते. आतून धुराची बारीक रेघ निघत होती. सासूबाईंनी पिन ओढायला हात घातला.

"हात लावू नका!" मी किंचाळले.

त्या जागीच थांबल्या. मी दाराजवळचा मेन स्विच पाडला, मग चार्जर उपटला. त्याचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, भोवतीचा कापूस तपकिरी झाला होता. मला वाटलं, सुटलो.

"थांब," सासूबाई म्हणाल्या, "कापूस आतून धुमसते."

घमेली भरभरून आम्ही तो अंगणात नेऊन पसरला. दोन-तीन पुंजके उलगडताच लाल झाले. त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं. कोनाड्याखालची भिंत उघडी पडेपर्यंत आम्ही थांबलो नाही.

मग त्या ओट्यावर बसल्या. आगीपेक्षा मी सासूवर ओरडले याचीच मला धास्ती जास्त होती.

"तू वरडली तं बरं झालं, माय," त्या म्हणाल्या. "मी तं ओल्या हातानंच धरत होती."

संध्याकाळी सासरे आले. ओला कापूस पाहून ते उरलेली गंजी मागच्या खोलीत हलवायला लागले. आम्ही टोपल्या भरून देत होतो.

खामगावहून नवा चार्जर आणला. मोडेम उंच, मोकळ्या फळीवर गेला. पिन काढून कोरड्या फडक्यानं तो पुसायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. पुढे पावसाळ्यात आभाळ गडगडलं, की त्या चुलीपुढूनच हाक मारायच्या, "बंद कर वं ते आधी!" मग माझं अर्धं काम तसंच राहायचं, आणि विजा थांबेपर्यंत मी त्यांच्यासोबत भाजी निवडत बसायचे.