सोयरिकीचा पेला

आमच्यात सोयरीक ठरली की मुलीचा आणि मुलाचा बाप एकाच पितळी पेल्यातून दारू पितात. अर्धा पेला मुलीच्या बापानं संपवायचा, उरलेला व्याह्यानं. त्याशिवाय शब्द पक्का होत नाही. मला कसली आलीय भीती? मेंढरं राखणाऱ्यांचं रक्त. एकेकाळी अख्खी बाटली रिचवून मी राजेश्वरच्या भर बाजारातून सायकल सरळ हाणत घरी यायचो.

पण सहा महिन्यांपूर्वीच हैदराबादला माझं पोट कापून लहान केलं होतं. वजनापायी चार पावलं टाकली तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले होते, आता दारू पोटात थांबणार नाही, झटक्यात रक्तात जाईल, दोन घोटांत झिंगाल. डॉक्टर सगळ्यांनाच घाबरवतात, असं मी धरून चाललो. गावात सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन. बापानं जाडीपायी पोट कापून घेतलं म्हटलं, तर उद्या पाहुणे लेकीच्या अंगाकडे बघतील, ही धास्ती. लेकीला तर माझ्या गळ्याची शपथ घातली होती.

आळंदचे पाहुणे आले. मी ऐटीत अर्धा पेला संपवून व्याह्याच्या हातात दिला. सुपारी फोडेपर्यंत कान तापले, आढं फिरायला लागलं. उठायला गेलो तो व्याह्याच्या अंगावरच कोसळलो.

"सकाळधरनं प्यायलाय वाटतं," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली. "अर्ध्या पेल्यात कोण पडतंय व्हय?"

व्याह्यानं पेला तसाच खाली ठेवला. "पोरगी चांगली हाय. पण बेवड्याच्या घरची सोयरीक नगं."

मला सगळं ऐकू येत होतं. ऑपरेशन झालंय, असं ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसतं बरळणं निघालं. स्वतःच्याच अंगात कुणी कोंडून बाहेरून कडी घातल्यासारखं झालं. लेक दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. पाहुण्यांची जीप गेली.

संध्याकाळी जीभ वळायला लागली तशी मी तिच्यावरच खेकसलो, "कामून गप बसलीस? खऱ्या ऑपरेशनचं सांगायला काय झालतं?"

ती पेल्यातली उरलेली दारू मोरीत ओतायली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या गळ्याची शपथ होती की, अप्पा. मोडली अन् तुमालाच काय झालं असतं तर?"