कडूबा शेजूळचा सत्कार

कडूबा शेजूळला हॉटेलात कुणी कडूबा म्हणत नसे, सगळे मामा म्हणत. जालना रोडवरच्या त्या एकशेवीस खोल्यांच्या हॉटेलात सकाळी सहाला कुठलाही नळ सोडा, वाफाळतं पाणी यायचं, ते मामांमुळं. एकवीस वर्षं. शेंद्र्याची जमीन कारखान्यांत गेली तेव्हा मोबदल्याच्या पैशातून भावकीनं गाड्या घेतल्या आणि कडूबानं बॉयलर चालवायची परीक्षा दिली. पास झाला, प्रमाणपत्राला काचेची चौकट केली आणि देवघराशेजारच्या भिंतीवर टांगली. बायको लक्ष्मीबाई देवाला फुलं वाहिली की एक फूल त्या चौकटीवर ठेवायची. घरात एवढा मान!

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं तुम्हाला त्याचा राग येणार आहे. मला तर अजून येतो.

हिमानी आली ती दोन वर्षांपूर्वी. मोठ्या इमारतींचे एसी आखून देणाऱ्या शहरातल्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. वय सत्तावीस, स्कूटीवर यायची, बोलणं स्पष्ट. तिनं मॅनेजर इंद्रजीतसाहेबांना सरळ विचारलं, "सर, एवढ्या खोल्यांमधली उष्णता तुमचा एसी गोळा करतो आणि गच्चीवरून आभाळात फेकतो. आणि खाली तळघरात तुम्ही डिझेल जाळून पाणी तापवता. का?" आता याला काय उत्तर देणार! तिचं म्हणणं असं की फेकायची तीच उष्णता आधी पाण्यातून फिरवा, पाणी फुकटात तापेल. साहेबांना पटलं. नवीन मशीन ठरलं. निघता निघता ती म्हणाली, "हे एकदा बसलं की बॉयलरची गरज जवळजवळ संपलीच."

कडूबा दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. बॉयलरची गरज संपली म्हणजे कुणाची संपली, हे कळायला काही इंजिनिअर व्हावं लागत नाही. त्यानं तेव्हाच तोंड उघडून विचारायला हवं होतं, की मॅडम, मग माझं काय? नाही विचारलं. एकवीस वर्षं बॉयलर चालवलेला माणूस सत्तावीस वर्षांच्या पोरीला असं कसं विचारणार, हा त्याचा ताठा.

मशीन बसलं. पहिले दोन दिवस पाणी असं तापलं की स्वयंपाकघरातल्या बायका हात भाजला म्हणून ओरडल्या. बॉयलर गार. कडूबा त्याच्यासमोर स्टुलावर नुसता बसून. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो उठला, मशीनकडं पाणी नेणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व त्यानं बंद करत आणला, चिमटीएवढाच उघडा ठेवला. "बघू तरी," एवढंच स्वतःशी म्हणाला.

साडेसहाला फोन वाजायला लागले. पाणी कोमट! लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं, नवरीची हळद अंगावर वाळत होती. इंद्रजीतसाहेब पळत तळघरात आले. "मामा, कुछ भी करो!" मामांनी बॉयलर पेटवला. अर्ध्या तासात सगळं शांत. साहेबांनी पाठीवर थाप मारली, "मामा आहेत म्हणून इज्जत राहिली." त्या थापेची त्याला चटकच लागली. मग दर दोन-तीन दिवसांनी पहाटे तो व्हॉल्व फिरवायचा, बॉयलर पेटवायचा, शाबासकी घ्यायचा आणि दहा वाजता हिमानी यायच्या आत व्हॉल्व पुन्हा पूर्ण उघडून ठेवायचा.

बिचारी हैराण झाली. ती असली की मशीन चालतं, ती नसली की बसतं. एक दिवस ती मुद्दाम पहाटे येऊन बसली, त्या दिवशी पाणी कढत! लोक थट्टा करायला लागले, मॅडमच्या पायगुणावर चालणारं मशीन म्हणून. ती हसायची, पण डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं. शिडीवर चढायची, दातांत टॉर्च धरून पाइप तपासायची, खाली उतरून वहीत आकडे मांडायची. कडूबा तिला चहा आणून द्यायचा. ती डब्यातलं अर्धं थालीपीठ त्याच्यापुढं करायची. "घ्या हो काका, आईनं जास्तच दिलंय." आणि तो खायचा! खायचा हो तो.

एकदा ती टेकून बसली आणि म्हणाली, "काका, तुमच्या हाताला जे कळतं ते माझ्या मीटरला कळत नाही. जरा हात लावून सांगा ना, पाइप नेमका कुठं गार पडतोय?"

कडूबा उठला. पाइपावरून हात फिरवत गेला, खरोखरच्या जाणकारासारखा, आणि भलत्याच ठिकाणी थांबला. "हितं, मॅडम. हितं जरा गार लागतंय."

दोन तास ती पोर तिथलं आवरण सोलत बसली. गुडघ्यावर, घामानं निथळत. आत काहीच नव्हतं. उठली तेव्हा तिचे हात आवरणातल्या काचेच्या लोकरीनं लाल झाले होते, आणि तरी म्हणाली, "सॉरी काका, तुम्हालाही उगाच थांबवलं." त्या दिवशी कडूबाला पहिल्यांदा आपलीच लाज वाटली. घरी जाऊन तो जेवला नाही. पण दोन दिवसांनी पहाटे उठून व्हॉल्व मात्र फिरवलाच.

सहा महिन्यांनी बैठक झाली. हिमानीचे वरिष्ठ आले होते, हॉटेलचे मालक आले होते. इंद्रजीतसाहेबांनी कडूबाला आत बोलावलं. "मामा, तुम्ही रोज तिथं असता. खरं सांगा. सकाळच्या वेळी हे मशीन पाणी तापवतं का?"

"नाय साहेब. रोजच्या रोज नाय तापवत."

यात खोटं काय होतं? एक अक्षर खोटं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःची अशीच समजूत घालत होता. हिमानीनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मान हलवली आणि सगळ्यांना सांगितलं, "काका म्हणतात तर तसंच असणार. माझ्याच हिशेबात कुठंतरी चुकलंय."

त्यानंतर ती आली नाही. कंपनीनं तिला त्या कामावरून काढलं, मग ऐकू आलं की नोकरीच गेली. कडूबाला तळघर खायला उठलं. आठ दिवस त्यानं कसेबसे काढले आणि नवव्या दिवशी व्हॉल्व पूर्ण उघडला तो उघडाच ठेवला. म्हटलं, जाऊ दे माझी नोकरी. पाणी रोज तापायला लागलं. पंधरा दिवस बॉयलर पेटलाच नाही तेव्हा साहेब खाली आले. "मामा! काय जादू केली?"

खरं बोलायची वेळ आयती समोर उभी होती. "काय नाय साहेब," कडूबा म्हणाला, "लाइनमध्ये हवा धरली व्हती, ती काढली."

झालं! हॉटेलच्या वर्धापनदिनाला मामांचा सत्कार ठरला. लक्ष्मीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. शाल, नारळ, टाळ्या. इंद्रजीतसाहेब माइकवर म्हणाले, "शिकलेल्या-सवरलेल्या इंजिनिअर मॅडमना सहा महिन्यांत जे जमलं नाही, ते आमच्या मामांनी एका सकाळी करून दाखवलं!" हॉल हसला. त्या हसण्यानं कडूबाच्या कानशिलात पेटल्यागत झालं. माइक त्याच्या हातात आला.

"म्या काय बी केलं नाय," तो म्हणाला. "व्हॉल्व बंद व्हता. म्याच बंद करत व्हतो. तो खोलला, बस."

आणि असा हशा पिकला, अशा टाळ्या! साहेबांनी त्याला मिठी मारली. "बघा, किती साधा माणूस! श्रेयसुद्धा घ्यायला तयार नाही." कडूबाला पुन्हा सांगता आलं असतं. माइक अजून हातातच होता. पण एकदा सांगितलं ना, आता त्यांनी नाही ऐकलं त्याला मी काय करू, असं म्हणून तो खाली उतरला आणि लोकांनी आग्रह केला म्हणून दोन गुलाबजामही खाल्ले.

घरी आल्यावर लक्ष्मीबाईनं दार लावून घेतलं. "तुमाला थट्टा करताना म्या जन्मात कधी पाहिलं नाय. स्टेजवर बोललात ते खरं हाय का?"

"व्हय."

"त्या पोरीचा डबा खात व्हता तुमी."

"व्हय."

सकाळी लक्ष्मीबाईनं देवाला फुलं वाहिली, पण प्रमाणपत्राच्या चौकटीवर एकही ठेवलं नाही. कडूबानं चहा न घेताच पायात चपला घातल्या आणि विचारत विचारत ज्योतीनगरला हिमानीचं घर गाठलं.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. वैजनाथराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सडपातळ गृहस्थ. नाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "तुम्हीच का कडूबाकाका? अहो या, या! हिमानी सारखं नाव घेते तुमचं. तिथं एक तेवढाच माणूस माझ्याशी नीट वागला म्हणते." त्यांनी त्याला खुर्ची दिली. आतल्या खोलीत दहावीची चार-पाच मुलं पाढे म्हटल्यासारखी सूत्रं म्हणत होती. "शिकवण्या घेते हल्ली," वैजनाथराव हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्या कंपनीनं बोलावलं होतं, गेली नाही. म्हणते, बाबा, ते काम आपल्याला येतच नाही."

हिमानी बाहेर आली. "अय्या, काका! अभिनंदन! मी आजच्या पेपरात फोटो आणि बातमी पाहिली तुमची." समोर बसली आणि पहिलाच प्रश्न तिनं काय विचारावा? "हवा कुठं धरली होती हो? मी सगळी लाइन तीनदा पाहिली होती. मला सांगा ना, मला नुसतं समजून घ्यायचंय."

"मॅडम, हवा नव्हती धरली." कडूबाला तिच्याकडं बघवेना. तो फरशीकडं बघून बोलत राहिला, पण या वेळी सगळं बोलला. पहाटेचा व्हॉल्व, दहाच्या आत तो उघडणं, पाइपावर खोटा फिरवलेला हात. "तुमचं काय बी चुकलं नव्हतं. एक आकडा चुकला नव्हता."

वैजनाथराव उठून उभे राहिले होते. आतली मुलं दारात येऊन उभी राहिली होती.

हिमानी म्हणाली, "लोक काय म्हणाले त्याचं मला एवढं नव्हतं काका. पण मी स्वतः मान्य केलं होतं, की मला येत नाही. तुम्ही म्हणालात म्हणून."

कडूबानं हात जोडले. "तुमी कागद लिहा, मॅडम. काय पायजे ते लिहा. म्या सही करतो, साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवतो."

"मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "तुम्ही लिहा. तुमच्या हातानं."

तिनं मुलांच्या वहीतला एक कागद फाडून त्याच्यापुढं ठेवला, पेन दिलं. कडूबाचं अक्षर चांगलं होतं. एकवीस वर्षं रोज बॉयलरच्या नोंदी लिहिलेला हात. मी, कडूबा शेजूळ, इथून त्यानं सुरुवात केली आणि काही न गाळता खालपर्यंत आला. लिहून झाल्यावर वाचायला गेला आणि त्याला रडू फुटलं, मोठ्यानं, त्या लेकरांच्या देखत. हिमानीनं कागद ओढून घेतला, एकेक ओळ वाचली, आणि पुन्हा त्याच्यापुढं सरकवला.

"तारीख टाका," ती म्हणाली.