वाळूला पुरून उरणारे टायर

खोर फक्कानहून शारजाला निघालेली बस डोंगरातल्या बोगद्यात शिरता शिरता माझ्या नवऱ्याचा, संजयचा, मेसेज आला. 'सायकलचे फोटो काढलेत. सेलला टाकू?' मी मोबाईल पर्समध्ये कोंबला. टाक म्हणे! मी हिवाळ्यासाठी नवे टायर आणायला निघाले होते.

तुम्ही म्हणाल, वाळवंटात कसला हिवाळा? अहो, सायकलवर ऑफिसला जाता येतं ते याच दिवसांत. पण पहाटे दव पडतं, वारा कॉर्निशवर (किनाऱ्यालगतचा रस्ता) वाळू आणून टाकतो आणि माझे अरुंद, गुळगुळीत टायर घसरतात. गेल्या आठवड्यात मी आपटले, संजयला गाडी घेऊन यावं लागलं. "परत एकदा पिकअपला बोलावलंस, की सायकल खलास," तो म्हणाला. मला ड्रायव्हिंग येत नाही. सायकल गेली की मी पुन्हा पर्स घेऊन दारात, कोण सोडतंय याची वाट बघत. नको बाई ते जिणं!

शारजात अल मजाजला उतरून कडक कराक (दाट दुधाचा वेलची चहा) घेतला आणि दुकान गाठलं. केरळी दुकानदाराने अरुंद टायर पुढे केले. "मॅडम, हल्का है, फास्ट जायेगा."

"भाईसाब, मुझे फास्ट नहीं जाना. मुझे गिरना नहीं है."

नुसत्या खाचांचे टायर डांबरावर जड जातात, म्हणून मधे सपाट आणि कडांना खाचा असलेले, माझ्या सायकलला बसतील तेवढे रुंद घेतले. येताना बसमध्ये मांडीवर धरून बसले. लोक बघत होते. बघेनात का!

रात्री ते बसवून घेतले आणि हवा भरली इचलकरंजीच्या माझ्या वडिलांच्या, बाबांच्या, पद्धतीने, म्हणजे अंगठा दाबला तरी टायर दबता कामा नये. सकाळी कॉर्निशवर वाळू लागली आणि मी पुन्हा आडवी!

एक जीप थांबली. पांढऱ्या कंदुऱ्यातले (अरबी झगा) आजोबा उतरले. "साइकिल गाड़ी में डालो, यल्ला, चलो, छोड़ देगा."

गुडघा ठणकत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी म्हटलं, "शुक्रन बाबा, गाड़ी नहीं. आज गाड़ी में बैठी तो साइकिल गयी."

ते हसले. टायर दाबून पाहिला. "बहुत हवा! हम लोग रेत में जाने से पहले हवा निकालता है." त्यांनी व्हॉल्व्ह दाबला. फुस्स आवाज ऐकून माझा जीव कासावीस झाला. पण रुंद टायर वाळूवर पसरला आणि मी सरळ पार झाले.

माझ्या बाबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या इचलकरंजीच्या रस्त्यावर वाळू नव्हती, एवढंच.

संध्याकाळी परतले, तर संजय गाडीची किल्ली घेऊन बिल्डिंगखाली उभा. नजर माझ्या गुडघ्यावर.

"पडलीस?"

"पडले."

"मग फोन का नाही केलास?"

"उठता येत होतं म्हणून. ते फोटो डिलीट कर आधी."