मूठ आवळा, मूठ सोडा

भीमराव तायडे कात्रजच्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त काढत होते. तान्ह्या बाळाची शीरसुद्धा त्यांच्या बोटाला पहिल्या झटक्यात सापडायची. पन्नाशीत त्याच बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग चालताना चप्पल निसटायची, चार पावलं गेल्यावर कळायचं. एका सकाळी शीर दोनदा चुकली आणि त्यांनी सुई खाली ठेवली. "दुसऱ्या कुणाला बोलवा," एवढंच म्हणाले.

मानेचे मणके झिजून आतला मज्जारज्जू दाबला जात होता. ऑपरेशन झालं. "आणखी बिघडू नये म्हणून दाब काढलाय," सर्जन म्हणाले. "गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही."

व्यायाम शिकवणाऱ्या चैतालीने पहिल्याच दिवशी घड्याळ लावलं. "काका, मूठ आवळा, सोडा. भराभर." दहा सेकंदांत नऊ झाल्या. वीस व्हायला हव्या होत्या.

"जन्मभर लोकांना हेच सांगत आलो," भीमराव म्हणाले. "आता आपली पाळी."

रोज फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं टेकवत चालायचं, डोळे मिटून तांदळातून चवळी वेचायची. बायको दीपमाला कॅलेंडरवर मुठींचा आकडा लिहायची. अकरा, चौदा, मग घसरून दहा. त्या दहाच्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी मात्र तांदळाचं ताट घेऊन बसले.

सात महिन्यांनी उजवा हात वीसवर पोचला. डावा पंधरावर अडला, तो अडलाच. पण शीर ताणून धरायला तेवढा पुरे होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही महिनाभर ते सरावाच्या रबरी हातावर सुई चालवत राहिले. शेवटी दीपमालानेच लॅबमध्ये येऊन बाही वर केली. "घ्या." एका टोचण्यात नळी भरली.

पुढे अभय नावाचे एक रिक्षावाले साखर तपासायला आले. मूठ सोडताना त्यांची बोटं रेंगाळली. भीमराव थबकले.

"हाताला मुंग्या येतात?"

"येतात. साखरेमुळे असेल."

"असेलही. पण या आठवड्यात मान दाखवून घ्या."

महिन्याभराने अभयची बायको पेढे घेऊन आली. दाब वेळेत सापडला होता. "डॉक्टरांनी विचारलं, कुणी पाठवलं? म्हटलं, लॅबमधल्या सरांनी."

भीमरावांना आजवर सगळे भाऊ म्हणत, फार तर काका. घरी गेल्यावर त्यांनी दीपमालाला हा प्रसंग दोनदा सांगितला, आणि दोन्ही वेळा 'सर'वर जरा जास्तच थांबले.