आईचा ऊस आणि माझा मोगरा

आमच्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागायचं. आई-वडील ऊसतोडीला पश्चिमेकडं जायचे आणि मी वसतिगृहात. उन्हाळ्यात ते परत येत तेव्हा दारातली तुळस वाळून काटकी झालेली असायची. आई ती उपटून नवी लावायची आणि पुढच्या दिवाळीला तिलाही देवाच्या भरवशावर सोडून निघायची. म्हणून मी शिक्षिका झाले, वडवणीत घर बांधलं, तेव्हा ठरवूनच टाकलं की या घराला बाग असेल. झाड लावायचं तर माणसानं बारा महिने घरी राहावं लागतं, आणि आता आम्ही तशी माणसं झालो होतो. झाडाला पाणीही लागतं, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

माझा नवरा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. वाफे पाहून तो एवढंच म्हणाला, की शेती सुटावी म्हणून तो शिकला आणि मी शिकून सवरून शेतीकडं निघाले आहे. त्यानंतर बरेच दिवस त्यानं बागेत पाऊल टाकलं नाही.

पहिल्या वर्षी मला अडचण एकच होती, ती म्हणजे शेजारच्या काकूंची मोरी. काकूंचे यजमान तालुक्यातल्या राजकारणातले, ते कायम कुठल्यातरी बैठकीला गेलेले. त्यामुळे घरची सत्ता काकूंकडं. त्यांच्या मोरीचं पाणी सामायिक भिंतीखालच्या भोकातून आमच्या अंगणात यायचं. मी शिकलेली बाई. भांडले नाही, कचेरीत अर्ज दिला. माणसं आली, त्यांनी भोक सिमेंटनं बुजवलं आणि माझा विजय झाला. काकूंनी माझ्याशी बोलणं बंद केलं, ते मी विजयाचाच भाग समजले.

त्या हिवाळ्यात बाग अशी फळली की विचारू नये. टोमॅटो इतके आले की मी पिशव्या भरून शाळेत न्यायला लागले. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं. मग मी पिशवी घेऊन आत शिरले की शिक्षकांच्या खोलीत एकदम वह्या तपासायचं काम निघायचं. बाजारात टोमॅटोला कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हाच ते माझ्याकडं पिकले होते. बाजारात महाग झाले तेव्हा माझ्या वाफ्यात नुसत्या काड्या होत्या. शेतकरी होण्यासाठी आणखी काय लागतं?

होळी झाली आणि नळ आठवड्यातून एकदा यायला लागला. बोअरनं आधी गढूळ पाणी दिलं, मग नुसती हवा. वांगी माना टाकून उभी राहिली. मोगरा तर मी जिवापाड जपलेला, त्याचीही पानं कडेनं करपली.

वडील गेल्यानंतर आणि गुडघ्यांनी दगा दिल्यानंतर आई आमच्याकडं राहायला आली होती. ती भांडी विसळलेलं पाणी तांब्या-तांब्यानं झाडांना घालायची. ज्याचं फळ तोंडात जात नाही त्या मोगऱ्याला ती सगळ्यात शेवटी पाणी घाली. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला भिंतीपलीकडं दिसायचं. बुजवलेल्या मोरीचं पाणी काकूंनी स्वतःच्या परसात फिरवलं होतं आणि तिथं अळूची पानं सुपाएवढी झाली होती. त्या अळूला माझ्या अर्जामुळेच पाणी मिळालं होतं.

शेवटी आईच काकूंकडं गेली. तिथं काय झालं ते तिनं मला परत आल्यावर सांगितलं. काकू म्हणाल्या, "तुमच्याच लेकीनं अर्ज देऊन बंद केलंय. आता काहून पाहिजे?"

आई म्हणाली, "तवा तिला शानपन लई हुतं. आता झाडं वाळाय लागलीत."

काकू हसल्या म्हणे. पण त्यांनी अट घातली, मॅडमनी स्वतः यावं. मी गेले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, शाळेची चौकशी केली, आणि कप रिकामा झाला तरी मोरीचा विषय काही काढला नाही. तो मलाच काढावा लागला. वर्गात साठ पोरांसमोर न अडखळणारी मी, "तुमच्या मोरीचं पाणी आम्हाला सोडता का," एवढं वाक्य दोनदा अडखळत बोलले. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घ्या की. आमी कुठं न्हाई म्हनलो हुतो?"

भोक उघडायला नवऱ्याला पहार घेऊन अख्खा रविवार घालवावा लागला. सरकारी काम इतकं पक्कं असू शकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. घामाघूम होऊन तो म्हणाला, की पुढचा अर्ज जरा कच्च्या कामासाठी दे.

बाग वाचली. भिंतीखालचा तो कोपरा मात्र कायम ओला राहायला लागला. पाऊसकाळ सुरू झाल्यावर आई एका कार्यासाठी तेलगावला गेली होती. परतताना पिशवीतून उसाचं बेणं घेऊन आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या त्या कांड्या तिनं त्या ओल्या कोपऱ्यात, मोगऱ्याला खेटून पुरल्या. मी विचारलं, ज्या उसानं तुझे गुडघे घालवले तो दारात कशाला?

"त्यो लोकांचा हुता," ती म्हणाली. "ह्यो आपला हाय."

साबणाच्या पाण्यावर ऊस नीट येणार नाही असं मला वाटलं होतं. तो असा आला की दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या वर गेला आणि मोगऱ्यावर दिवसभर त्याची सावली पडायला लागली. मोगरा उंच वाढला, हिरवा झाला, पण त्याला कळी म्हणून येईना. मी आईला म्हटलं, निदान बाजूचे दोन ऊस काढूया. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. खुर्ची टाकून त्या उसाशेजारी बसायला लागली. कुणी पाहुणा आला आणि म्हणाला, लई झ्याक ऊस हाय, एक मोडू का, तर ती म्हणायची, अजून पक्व न्हाई. दिवाळी आली तरी तो पक्व होईना. जिनं आयुष्यभर दिवस उगवायच्या आत फडात उभं राहून ऊस तोडला, तिला हा काही तोडवत नव्हता. मग त्याला तुरा आला. तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो, हे मला तिनंच लहानपणी सांगितलं होतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काकू दारात आल्या. मांडवाला पाच ऊस हवे होते. मी आईकडं पाहिलं. काकूंना नाही म्हणायची सोय आम्हाला उरली नव्हती, पाणी त्यांचं होतं.

आईनं ट्रंकेतून तिचा कोयता काढला. तो ती घेऊन आली होती हे मला ठाऊकही नव्हतं. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती जमिनीवर बसली आणि बुडातून पहिला ऊस तोडला. मग दुसरा. पाच झाले तरी ती थांबली नाही. बसल्या बसल्या पुढं सरकत तिनं सगळं बेट भुईसपाट केलं, शेंड्याचे हिरवे वाढे छाटले, पाचट सोललं आणि वाढ्यांचाच वेढा घालून मोळी बांधली. बांधून झाल्यावर तिनं सवयीनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं, मोळी डोक्यावर द्यायला कुणी आहे का. समोर मी आणि काकू होतो. मग तिचं तिलाच हसू आलं. काकू खाली बसल्या आणि तिच्या हातातला कोयता त्यांनी हळूच काढून घेतला. आईनं एक कांडं मोडून काकूंना दिलं, एक मला. ऊस पोकळ होता आणि फारसा गोडही नव्हता. आम्ही तिघींनी तो शेवटपर्यंत खाल्ला.

कोपऱ्यात ऊन यायला लागलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मोगरा फुलला. पहिली फुलं मी काकूंना दिली, उरलेली आईच्या अंबाड्यात खोवली. तिला ती आवडली की नाही ते कळलं नाही, पण दिवसभर तिनं ती काढली नाहीत. त्याच सुमाराला उसाच्या बुडख्यांना हिरवे कोंब दिसायला लागले. मी आईला सांगितलं, की हा खोडवा वाढू दिला तर मोगरा पुन्हा सावलीत जाईल.

"बाग तुझी हाय," ती म्हणाली. "तू बघ काय करायचं ते."

आणि खुर्चीतून उठून तिनं कोंबांवर तांब्याभर पाणी ओतलं.