पिठाच्या गिरणीवरची चौकशी

माझ्या नोकरीतली ही एक घटना अजून मनातून जात नाही. तिच्यासाठी मला प्रशस्तिपत्र मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला. बेपत्ता बालिकेचा पोलिसांनी काही तासांत शोध लावला, अशी ती बातमी होती. तीत मुलगी तेवढी खरी होती. बाकीचे दुरुस्त करायचे राहून गेले. आता वय झाले म्हणून लिहितो. नाव कोणाचेच घेत नाही.

मी तेव्हा हिंगोलीत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना बालगृहाच्या अधीक्षिका आल्या. दहा वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली होती. मूळची बंजारा तांड्यावरची. आईवडील दोघे वारल्यावर सांभाळणारे कोणी उरले नाही, म्हणून बालगृहात आलेली.

"शहरातलं एक जोडपं तिला दत्तक घेतंय, साहेब," अधीक्षिका म्हणाल्या. "उद्या बालकल्याण समितीसमोर तिची संमती घ्यायची होती. एवढ्या मोठ्या लेकराला सहसा कोणी मागत नाही हो. हे गेलं तर दुसरं घर मिळणं कठीण."

अल्पवयीन मूल बेपत्ता झाले की अपहरणाचाच गुन्हा दाखल करावा लागतो. तो केला. बसस्थानकावर माणसे पाठवली, कनेरगाव नाक्यावर गाड्या थांबवून पाहायला सांगितले. मुली पळवणारे लोक मी पाहिले होते. संशय तिकडेच गेला.

दुपारी एका पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन आला. "साहेब, एक पोरगी सकाळपासून माझ्या पायरीवर बसून राहिली. समोरच्या घरचं खोदून खोदून इचारून राहिली. चोरं अशी लेकरं पुढं धाडतेत, म्हनून सांगितलं."

गल्लीचे नाव ऐकून मी चपापलो. दत्तक घेणारे जोडपे तिथेच राहत होते. त्यांच्या चारित्र्य पडताळणीचा अहवाल माझ्याच सहीने गेला होता.

मुलांशी बोलताना अंगावर वर्दी असू नये असा नियम आहे. साधा शर्ट घालून गेलो. मुलगी पायरीवर बसली होती, पाय पिठाने पांढरे झालेले.

"इथं काय करून राहिलीस?"

"चौकशी."

"कोणाची?"

"त्या समोरच्यांची. बाईंच्या कागदावर पत्ता वाचला. उद्या मला व्हय का न्हाई ते सांगायचंय. न बघता कसं सांगू? तुमी कोण?"

"पोलीस."

"मग तुमी केलीच असंल चौकशी. गेलते का त्यांच्या गल्लीत?"

'शेजाऱ्यांकडे चौकशी केली, प्रतिकूल काही आढळले नाही,' असे मी खुर्चीत बसून लिहिले होते. नवरा सरकारी कचेरीत कारकून, घराण्यात देवळाची पूजाअर्चा. विचारायचे काय, असे वाटले होते.

"न्हाई," मी म्हणालो.

तिने मात्र दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारले होते. "बाई भाजीवालीशी भाव करतात, पर तिला पाणी देतात. मालकांना राग आला की ते गच्चीवर जाऊन बसतात. हात न्हाई उचलत."

"मग चांगले आहेत की. चल."

ती उठली नाही. "एक गोष्ट बराबर न्हाई. त्यांनी गल्लीत सांगितलंय, आमची भाची येनार हाय. मी कुनाची भाची न्हाई. मला कुनी इचारलं तर माझ्या याडीचं नाव घेऊ का नको?" याडी म्हणजे आई, तिच्या बोलीत.

तिला ठाण्यात आणले आणि जोडप्याला बोलावले. मी कडक आवाजात विचारले तेव्हा नवऱ्याने लगेच कबूल केले. "माझ्या आईला तांड्याचं सांगितलं असतं तर तिनं स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नसतं. पोरीलाच तकलीफ झाली असती, साहेब. तिच्या भल्यासाठीच केलं."

माणूस लबाड नव्हता. मलाही ते पटले. मी मुलीला म्हणालो, "एवढंसं तर आहे, बेटा. घर चांगलं आहे."

"रोज खोटं मला बोलावं लागंल," ती म्हणाली. "तुमाला न्हाई." मग कारकुनाच्या बायकोकडे वळली. "तुमी मला आवडल्या. पर भाची म्हनून यायचं असंल तर उद्या मी न्हाई म्हणन."

दुसरे घर मिळणे कठीण, हे तिलाही ठाऊक होते. अधीक्षिकांनी ते तिला अनेकदा ऐकवले होते.

ती बाई उठली. तिने मुलीचा हात धरला आणि ती सरळ गिरणीवर गेली. आम्ही मागोमाग. तिथे बायकांची रांग होती.

"दादा, गिरणी थांबवा जरा," ती म्हणाली. आवाज थांबल्यावर रांगेकडे वळली. "मी भाची सांगितली होती ना, ती भाची नाही. तांड्यावरचं लेकरू आहे, बालगृहात असतं. आम्ही तिला मागितलंय. ती हो म्हणाली तर आमची मुलगी होईल."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "व्हय म्हन गं बाई लवकर. माझं दळण अडकून राहिलं."

"उद्या सांगते," मुलगी म्हणाली. "उद्याच इचारनार हायेत."

दुसऱ्या दिवशी तिने होकार दिला. आपल्या याडीचे नाव समितीला सांगितले आणि मगच दिला. घरातल्या आजी बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या, असे पुढे कानावर आले. पण ती तिथेच वाढली.

मुलाची संमती म्हणजे कागदावरची एक ओळ, असे मी समजत होतो. होकार देण्याआधी मुलालाही घर पारखायचे असते, अट घालायची असते, हे त्या पायरीवर कळले. मी तो अहवाल परत मागवला, गल्लीत घरोघर फिरलो आणि पुन्हा लिहिला. पुढे निवृत्तीपर्यंत अशा प्रत्येक पडताळणीला स्वतः गेलो. ही पद्धत कोणाकडून शिकलात, असे हाताखालचे अधिकारी विचारत, तेव्हा मी एका जुन्या वरिष्ठांचे नाव सांगत असे.

ते खरे नव्हते.