कोपरे सरळ करा

“मंग त्या कॉम्प्युटरलाच द्या की इंजेक्शन!”

असं म्हणून मथुराबाई कॉटवरून उठून बसल्या. समोर लता सिस्टर भरलेली सुई हातात धरून उभ्या, दारात डॉक्टर पाठक, आणि त्यांच्या मागे मी. नेवाशातला दवाखाना, सकाळची गर्दी, आणि आमचं सॉफ्टवेअर सुरू होऊन तिसरा दिवस.

मथुराबाई गुडघे धरले म्हणून आल्या होत्या. डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं. पूर्वी केसपेपर हातानं इंजेक्शन रूममध्ये जायचा, आता प्रिंटरमधून चिठ्ठी जाते. सिस्टरनी चिठ्ठी वाचली, सुई भरली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “दुखन्याचं हाय का? त्ये मला चालत न्हाई. मागं दिलं तवा अंगभर गांधी उठल्या हुत्या, दम कोंडला हुता.”

डॉक्टरांनी केबिनमध्ये जाऊन स्क्रीन पाहिला आणि परत येऊन सांगितलं, “आजी, कॉम्प्युटरमध्ये तर ॲलर्जी ‘नाही’ दाखवतंय.”

त्यावर बाईंचं ते उत्तर.

बाहेरच्या बाकावर एक-दोघं हसले. मलाही हसू येणार होतं, पण सिस्टरचा चेहरा बघून ते आतच राहिलं. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली. लता साळवे सिस्टर या दवाखान्यात सव्वीस वर्षं आहेत, डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळेपासून.

माझं काम थोडक्यात सांगते. दवाखान्यांचे कागद कॉम्प्युटरमध्ये नेऊन द्यायचे. जुने केसपेपर स्कॅन करायचे, म्हणजे त्यांचे फोटो काढून ठेवायचे, आणि रोज लागणारी माहिती टाइप करून घ्यायची. याआधी मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर कॉम्प्युटरवर आणलं होतं. नटबोल्ट काय आणि पेशंट काय, यादी ती यादीच, फक्त नटबोल्ट कुरकुर करत नाहीत, असं मी गमतीनं सांगायचे. हल्ली सांगत नाही.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

“मॅडम, आज तुमच्या सॉफ्टवेअरनं माझी पेशंट मारली असती.”

“सर, पेपरवर ॲलर्जी लिहिलेलीच नव्हती,” मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य जिभेवर तयारच असतं.

“मग ‘नाही’ कुठून आलं?”

ते ‘नाही’ माझंच होतं. आमच्या फॉर्ममध्ये ॲलर्जीचा रकाना मॅन्डेटरी आहे, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पेशंटच्या सुरक्षेसाठी म्हणून मीच तसा ठेवला होता, आणि डेमो देताना त्याचं कौतुकही केलं होतं. माझ्या दोन ऑपरेटर मुली समोरचा कागद बघून टाइप करत होत्या. कागदाच्या वरच्या भागात काही दिसलं नाही की ‘नाही’ निवडायच्या आणि पुढचा पेपर घ्यायच्या. जे कोणी कधी विचारलंच नव्हतं, त्याचं उत्तर आम्ही हजारो लोकांच्या नावावर ठोकून दिलं होतं.

“पण सर, मग इतकी वर्षं तुम्हाला कळायचं कसं?”

“सिस्टर अडवायच्या. इंजेक्शन रूममधून परत यायच्या, सर हे बदला म्हणायच्या. त्यांना कसं कळायचं, ते मी कधी विचारलं नाही.”

सिस्टरना बोलावलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“कोपऱ्यावरून,” त्या म्हणाल्या. “मोठ्या डॉक्टरांनी लावलेली सवय हाय. ज्याला रिॲक्शन आली, त्याच्या पेपराचा वरचा उजवा कोपरा मागं दुमडायचा. पेपर हातात आला की अंगठा आधी तिथंच जातो. दुमड लागली की थांबायचं, आणि मग आत वाचायचं.”

मला एकदम आठवलं.

महिन्यापूर्वी, काम सुरू करायच्या दिवशी, डॉक्टरांबरोबर माझी दोन तास मीटिंग झाली होती. दवाखान्यात कागद कुठून कुठे जातो याचा मी फळ्यावर मोठा नकाशा काढला होता. त्यात इंजेक्शन रूम म्हणजे एक छोटा चौकोन. सिस्टर मध्येच दारात येऊन म्हणाल्या होत्या, “मॅडम, त्या कोपऱ्यांचं काय करायचं?” मला वाटलं, स्कॅनरमध्ये कागद अडकतो त्याबद्दल विचारतायत. दुमडलेला कागद यंत्रात फसतो, पिनेनं काच खराब होते. मी मान वर न करता सांगितलं होतं, “सगळे कोपरे सरळ करा. पिना काढा. बाकीचं ट्रेनिंगमध्ये बघू.”

आणि त्यांनी केलं. तीन आठवडे, पेशंट सांभाळून, एकेक गठ्ठा मांडीवर घेऊन आपल्या हातानं दुमडलेले कोपरे आपल्याच हातानं सरळ केले. वरून नखानं दाबून. मी येता-जाता बघत होते, आणि “वा सिस्टर, काय नीट काम आहे!” असंही म्हटलं होतं.

“अहो, पण तुम्ही परत का नाही बोललात?” मी विचारलं. आवाज उगाच चढला होता माझा.

“इचारलं हुतं ना मॅडम. तुमी सरळ करा म्हणालात. मला वाटलं, एवढा कॉम्प्युटर आणलाय, तर त्याला आतलं वाचून कळत असंल.”

आतलं म्हणजे डॉक्टरांनी त्या त्या दिवशी लिहिलेलं. रिॲक्शन आली, काय उपाय केला, हे पेपरात कुठेतरी होतंच. स्कॅनमध्येही आलं होतं. पण ते नुसते फोटो. डॉक्टरांच्या दोन वर्षांपूर्वीच्या त्या अक्षराचे फोटो रांग लागलेली असताना कोण उघडून बघणार?

मला फार लाज वाटली. तेव्हा तोंडानं कबूल केलं नाही, आज करते.

पण लाज वाटून भागणार नव्हतं. असे दुमडलेले पेपर किती, ते सिस्टरनाही सांगता येईना. त्यातलं कोणीही उद्या सकाळी दारात उभं राहू शकतं, आणि प्रत्येकजण मथुराबाईंसारखा तोंडानं खमका असेल असं थोडंच आहे? एखादा बेशुद्धच आणला तर?

डॉक्टरांनी तिथल्या तिथे ठरवलं. जोवर छडा लागत नाही तोवर पेशंटला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय एकही इंजेक्शन नाही. मी ॲलर्जीचं ‘नाही’ सगळ्यांच्या नावावरून काढून टाकलं. आणि जुने पेपर पोत्यांत भरून माळ्यावर टाकले होते, ते खाली उतरवले. साडेसहा हजार.

कोपरा सरळ केला तरी कागदावर वळ राहतो. पण गठ्ठ्यांच्या वजनानं तो इतका दबला होता की डोळ्यांना दिसेना. आम्ही खिडकीपाशी बसून कागद तिरपे धरून बघत होतो. शिवाय वापरून वापरून मुडपलेले कोपरे ढिगानं. माझ्या मुलींनी पहिल्या गठ्ठ्यातून चाळीस पेपर काढून ठेवले. सिस्टरनी प्रत्येकावरून अंगठा फिरवला आणि त्यातला एकच ठेवला.

“बाकीचे आपोआप मुडपलेत. पुढच्या बाजूला. माझा मागं असतो, आणि तिरका.”

मग आम्ही कामच बदललं. आम्ही कागद पुढे सरकवायचे, त्यांनी अंगठा फिरवायचा. पेशंट आला की उठायच्या, इंजेक्शन देऊन परत येऊन बसायच्या. कधी कधी नाव न वाचताच सांगायच्या, “हे बेलपिंपळगावचे मास्तर. सल्फाची गोळी.” आत वाचलं की नेमकं तेच.

चार दिवस लागले. चौऱ्याण्णव पेपर निघाले. प्रत्येकात डॉक्टरांनी आपलं अक्षर आपणच लावलं, पेशंटला फोन करून खात्री केली आणि मी नोंद घातली. त्यातल्या एका माणसाची अपॉइंटमेंट दुसऱ्याच दिवशी सकाळची होती. ते कळल्यावर डॉक्टर तो पेपर हातात घेऊन उठले. बाहेर गेले आणि सिस्टरना म्हणाले, “आई असती तर तुमच्या पाया पडायला लावलं असतं तिनं मला.” सिस्टर म्हणाल्या, “काहीतरीच काय सर, पेशंट थांबलेत.”

सॉफ्टवेअरमध्ये दोन बदल केले. ॲलर्जीच्या रकान्यात आता तिसरा पर्याय आहे, ‘अजून विचारलं नाही’, आणि सुरुवातीला सगळ्यांच्या नावापुढे तोच असतो. दुसरं, ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या चिठ्ठीवर लाल चौकट छापली जाते. ती उजव्या वरच्या कोपऱ्यात हवी, असं सिस्टरनी सांगितलं. अंगठा तिथेच जातो म्हणून.

शेवटच्या दिवशी चौऱ्याण्णव पेपरांचा वेगळा गठ्ठा बांधताना त्यांनी मला विचारलं, “मॅडम, आता या कोपऱ्यांचं काय करायचं?”

“तुम्ही सांगा,” मी म्हटलं.

“दुमडून ठेवते. लाईट गेली तर?”

मी कागद पुढे करत बसले, त्या दुमडत गेल्या.

आता कुठल्याही नव्या दवाखान्यात गेले की डॉक्टरांबरोबरची मीटिंग मी दुसऱ्या दिवशी ठेवते. पहिला दिवस इंजेक्शन रूममधल्या स्टुलावर काढते आणि कोणी काही विचारलं तर आधी मान वर करते.

महिन्याभरानं सपोर्टसाठी नेवाशाला गेले, तर मथुराबाई कॉटवर बसलेल्या. सिस्टरच्या हातात लाल चौकटीची चिठ्ठी होती, आणि ट्रेमध्ये यावेळी सुई नव्हती, गोळ्या होत्या.

“काय गं सिस्टर, शिकला का तुमचा कॉम्प्युटर?” बाईंनी विचारलं.

“व्हय,” सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या, “आन् मॅडम बी शिकल्या.”